डावीकडचा तिसरा खांब

माझा नवरा दाराची बेल वाजवत नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यातली अकरा सिंगापुरात गेली, बुकित बातोकच्या ह्या फ्लॅटला चांगली टिंगटाँग बेल आहे, तरी हा माणूस बोटाच्या सांध्यानं दार ठोकणार. दोनदा लागोपाठ, मग जरा थांबून एकदा. ठक-ठक... ठक. आणि आतून कुणीतरी उलट एकदा काहीतरी वाजवल्याशिवाय आत यायचं नाही. खिशात किल्ली असली तरी! मी ओट्यावर पळी आपटते, तेव्हा कुठे साहेबांचा प्रवेश होतो. आमची ऋग्वेदा बारा वर्षांची आहे, ती इथल्या बोलीत म्हणते, "पप्पा सो स्ट्रेंज लाह." मी म्हणते, बाई गं, ते तुझ्या आजोबांकडून आलंय, मला नको सांगूस.

आजोबा म्हणजे माझे सासरे, मनोहर. सासवडच्या आसपासची देवळं, जुन्या भिंती, हौद, असलं सगळं दुरुस्त करणारा चुन्याचा गवंडी माणूस. सिमेंटचं नाव काढलं की कपाळाला आठी. त्यांची भिंत तपासायची एक पद्धत होती. जाड भिंत असली की एक माणूस आतून आणि एक बाहेरून. आतला ठोकणार, ठक-ठक, ठक. बाहेरचा भिंतीला तळहात आणि कान लावून उभा. त्यानं भिंत भरीव वाजली की पोकळ, बद्द, ते मनाशी टिपायचं आणि एकदाच उलट ठोकायचं. म्हणजे ऐकलं, आता पुढे चला. ते उत्तर येईस्तोवर आतला जागा सोडत नसे. बाहेरच्याला शिंक येवो नाहीतर तो तंबाखू मळत बसो, आतला तिथंच पुन्हा पहिल्यापासून. आणि दोघांचं संपल्याशिवाय खडूनं खूण करायची नाही, हा दुसरा नियम. खूण झाली की मग त्या पोकळीत पातळ चुना भरायचा. माझा नवरा, पद्मनाभ, शाळेच्या सुट्ट्यांत बाहेरचा माणूस असायचा.

घरातही सासऱ्यांचं तेच. मी नवी नवरी असताना ते स्वयंपाकघराचं दार ठोकून बाहेर उभे. मला वाटलं, आत यायचंय तर या की! पाच मिनिटं झाली तरी ठक-ठक, ठक चालूच. शेवटी मी वैतागून ओट्यावर पळी आपटली, तर दार उघडून आत आले आणि म्हणाले, "शाबास. पद्माला शिकवायला महिना लागला होता." त्या दिवसापासून आमचं जमलं. खरं सांगते, त्या घरात मला पहिल्यांदा जवळचं कुणी वाटलं असेल तर ते बाबा.

पद्मनाभ पुढे पुण्यात इंजिनियर झाला आणि इथे जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला. कंपनीकडे भिंतीच्या आतलं दाखवणारी यंत्रं आहेत. तरी हा यंत्राच्या आधी कान लावतो. त्याचं सहसा चुकत नाही, म्हणून त्याच्या खडूच्या खुणेशिवाय तिथे कुणी चुन्याची बादली उचलत नाही. भारी कौतुक आहे ह्या गोष्टीचं, घरी मात्र नळाची गळती ऐकू येत नाही.

ह्या वर्षी त्यांना एक चर्च मिळालं. नाव सांगत नाही, लोक अजून तिथे रविवारी बसतात. शहरात, एका छोट्या टेकडीवर, दीडशे वर्षांपूर्वीचं, राणीच्या काळातलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. नकाशा विलायतेतून आलेला, त्यामुळे छप्पर असं उभं की बर्फ घसरून पडावं. इथे कुठलं डोंबलाचं बर्फ! खिडक्या उंच, अरुंद, टोकाच्या. मधला भाग लांब आणि उंच, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, खांबांवर टोकदार कमानी, आणि पार पूर्वेला वेदीच्या मागे रंगीत काचा. बघणाऱ्याला वाटतं सगळं दगडी आहे. पद्मनाभनं माझा हात धरून एका खांबावर ठेवला आणि म्हणाला, "दगड नाहीये ऊर्मी. आत वीट, वरून चुन्याचा गिलावा. शिंपल्यांचा चुना, अंड्यातलं पांढरं, साखर, नारळाच्या सोडणांचं पाणी. गोट्यानं घोटून घोटून गुळगुळीत केलंय. हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी केलंय म्हणतात. आपल्याकडचाही असेल एखादा." हात गार पडला माझा. आत थंडावा नव्हता, पंखे गरम हवा फिरवत होते, पण खांब गार होता. मी हात काढून घेतला.

ऑगस्ट संपत आला आणि हा उशिरा यायला लागला. चायनीज लोकांचा सातवा महिना चालू होता, आमच्या ब्लॉकखाली डब्यांत कागद जाळायचे, पितरांसाठी, आणि धूर वर आठव्या मजल्यापर्यंत यायचा. हा त्या धुरातून वर येऊन दार ठोकायचा, मी पळी आपटायची, आणि हा आत येऊन ताटासमोर नुसता बसायचा. मी म्हटलं, काय झालंय? तोंडावर कुणी पांढरा रंग मारलाय का?

"डावीकडच्या तिसऱ्या खांबात कुणीतरी आहे," तो म्हणाला.

"पाल असेल."

"पाल दोन आणि एक ठोकत नाही."

मी हसले. हो, हसले, खोटं कशाला बोलू. म्हटलं, तुझ्या कानात मळ झालाय, डॉक्टरला दाखव. पण तो हसला नाही. म्हणाला, रोज दुपारी तीनला येतो आवाज. खांबाला कान लावला की आतून. ठक-ठक, ठक. "आणि ऊर्मी, हात ओळखू येतो गं. दुसऱ्या ठोक्यावर किंचित जोर. बाबांच्या हाताचं ते बोट मोडलेलं होतं ना, म्हणून."

 बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये. इथून निघायची सोय नव्हती. पद्मनाभनं वडिलांना फोनच्या पडद्यावर शेवटचं पाहिलं, तेही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. तो तेव्हा रडला नाही. ह्या खांबाचं सांगताना मात्र त्याचे डोळे भरले होते. मला राग यावा की दया, कळेना.

पुढचा आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. चर्चमधले बाकीचे सगळे खांब तपासून, खुणा करून झाले. तिसरा तेवढा राहिला. यंत्र म्हणतंय आत गिलावा विटेपासून सुटलाय, आणि हा कंपनीच्या साहेबांना सांगतोय, "अजून बघतोय." शुक्रवारी संध्याकाळी कागदावर सही करायची, शनिवारी चुना भरायचा आणि परांची काढायची, आणि रविवारी चर्चचा वाढदिवस. त्या दिवशी लहान मुलांचा कॉयर गाणार. आणि त्या मुलांचे बाक कुठे, तर वेदीकडून मोजलं की बरोब्बर डावीकडच्या तिसऱ्या खांबाखाली.

गुरुवारी मी विचारलंच. "पद्म, खरं सांग. पोकळ आहे ना तो?"

"आहे. दारापेक्षा उंच पापुद्रा सुटलाय."

"मग कर ना खूण!"

"त्यांचं संपलेलं नाही. मी उत्तर देतो, रोज देतो, पण ते सरकत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून. माझं उत्तर चालत नाहीये त्यांना." मग अगदी हळू म्हणाला, "आणि खूण केली की त्यात चुना भरतील. मग बाबांचं काय?"

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडले. "खाली मुलं बसणार आहेत! आपल्या ऋग्वेदाएवढी. पडला पापुद्रा डोक्यावर तर?"

"रविवारपर्यंत नाही पडणार."

"आणि पडला तर?"

त्यानं ताट बाजूला सारलं आणि उठून गेला. मी त्याच्या साहेबांना फोन करू शकत होते. नंबर होता माझ्याकडे. पण मी केला नाही, कारण त्याचं एक वाक्य माझ्या डोक्यात घुसून बसलं होतं. माझं उत्तर चालत नाहीये त्यांना. ते कुणाचं उत्तर मागतायत, हे जगात फक्त मला माहीत होतं.

आता सांगून टाकते. बाबा गेले त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला होता. पद्मनाभचा फोन लागेना, तो साइटवर, म्हणून तिथल्या नर्सनं माझा नंबर लावला, व्हिडिओ. मी घरून काम करत होते, लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग चालू, आणि आमचा मॅनेजर माझंच नाव घेऊन काहीतरी विचारत होता. फोनमध्ये बाबा. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. त्यांनी खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटानं ठोकलं. ठक-ठक... ठक. मी म्हटलं, "बाबा, हे साइटवर आहेत, संध्याकाळी लावून देते हं." त्यांनी पुन्हा ठोकलं. माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "संध्याकाळी नक्की," आणि फोन ठेवला. ओटा माझ्यापासून चार पावलांवर होता. पळी समोर दिसत होती.

पाच वाजता दिराचा फोन आला, बाबा गेले.

मी पद्मनाभला कधीच सांगितलं नाही. आधी धीर झाला नाही, मग इतके दिवस का लपवलंस ह्याचं उत्तर नव्हतं. मीटिंग तीनची होती.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. जुरोंग ईस्टला ऑफिस, तिथून एमआरटी मेट्रोनं शहरात, मग टेकडी चढून वर. पर्समध्ये पळी. सकाळी निघताना कशी कोण जाणे, मी ती टाकली होती, आणि गाडीत हात लागला तेव्हा मलाच दचकायला झालं. समोर बसलेल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मी पर्सची चेन लावली.

चर्च रिकामं होतं. कामगार बाहेर झाडाखाली डबे घेऊन बसले होते. तिथे देखरेखीला एक म्हातारे अंकल डॉमिनिक आहेत, ते दारापाशी झाडू घेऊन उभे. मला ओळखून म्हणाले, "युअर हजबंड इनसाइड. एव्हरी डे सेम टाइम, लाह." आणि मग आवाज खाली आणून, "मी तीनच्या आत पंखे बंद करतो. त्याला ऐकायचं असतं. मी आत जात नाही." त्यांनी खरंच भिंतीवरची बटणं बंद केली आणि बाहेर निघून गेले.

पंखे थांबले आणि इतकी शांतता झाली की माझ्या चपलांचा आवाज मला खायला उठला. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आला होता, बाकी सगळं करडं. खांब दोन्ही बाजूंना उभे. प्रत्येकावर खडूचे गोल, कुठे लहान, कुठे मोठे, आणि डावीकडचा तिसरा तेवढा कोरा. पद्मनाभ त्याला कान लावून उभा होता, डोळे मिटून. मी आलेलं त्याला कळलं असावं, पण तो हलला नाही.

"हात लाव," तो म्हणाला.

मी तळहात ठेवला. गार, गुळगुळीत. काही नाही. मी म्हणणारच होते की बघ, काही नाही, तेवढ्यात तळहाताखाली आलं. ठक-ठक. मग थांबून, ठक.

आई शप्पथ सांगते, खरंच आलं. आवाज मोठा नव्हता. कानापेक्षा हाताला जास्त कळला. आणि दुसऱ्या ठोक्यावर किंचित जोर होता.

पद्मनाभनं बोटानं उत्तर दिलं, एकदा. आम्ही थांबलो. पुन्हा आतून, ठक-ठक, ठक. पहिल्यापासून. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत असं काही होतं की मला पुढे एक क्षण गप्प राहवेना. मी बोलून टाकलं. फोन, मीटिंग, खाटेचा कठडा, संध्याकाळी लावते, सगळं. सांगताना खांबाच्या आत ठोकणं चालूच होतं, आणि मी त्याच्यावर आवाज चढवून बोलत होते.

माझं संपल्यावर त्यानं खांबावरचा हात काढला. मग म्हणाला, "किती वाजले होते?"

"तीन."

"उत्तर नाही दिलंस?"

"नाही."

"ओट्यापाशीच असशील ना गं," तो म्हणाला. रागावून नाही म्हणाला, तेच वाईट होतं. रागावला असता तर मी भांडले असते.

मी पर्स उघडली आणि पळी काढली. खांबावर मारायला हात उचलला तर तो अंगावर ओरडला, "गिलावा आहे तो!" तशाही वेळी! मग मी वळले आणि मुलांच्या कॉयरचा जो लाकडी बाक होता, त्याच्या पाठीवर पळी आपटली. एकदा. त्या उंच छपराखाली तो आवाज केवढा झाला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ऐकलं, बाबा. चुकले मी. ऐकलं."

तिसरा खांब गप्प झाला.

पद्मनाभनं कान लावला, हात लावला, दुसऱ्या बाजूनं जाऊन लावला. काही नाही. मग त्यानं खिशातून खडू काढला. गोल वाकडा आला, पण त्यानं तो पुरा केला, डोक्याच्या वरपासून गुडघ्यापर्यंत. खडू खाली येताच आम्ही दोघांनी एकदमच मान वळवली. आवाज चौथ्या खांबातून आला होता. ठक-ठक, ठक.

"सरकले," तो म्हणाला. लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्याचा. "सरकले गं!"

मी बाकावर पळी आपटली. मग पाचवा. मी पुन्हा आपटली. आम्ही खांबाखांबानं मागे चाललो होतो, वेदीकडे पाठ करून, दाराकडे. तो पुढे, खांबाला हात लावत, मी मागे, पळी घेऊन. मला भीती वाटत होती का? वाटत होती, पाचावर धारण बसली होती माझी. पण त्या भीतीत बाबा होते, आणि बाबांची मला कधी भीती वाटली नव्हती. मी रडत होते आणि पळी आपटत होते.

सगळे खांब संपले. आता पश्चिमेचं मोठं दार, त्याच्या बाजूची जाड भिंत. आवाज तिथून आला, अगदी दाराच्या कडेला, माणूस बाहेर पडताना जिथे हात टेकतो त्या उंचीवर. ठक-ठक... ठक.

मी शेवटच्या बाकावर पळी उचलली, तर पद्मनाभनं माझं मनगट धरलं.

"नको."

"अरे, थांबलेत ते."

"थांबू देत. ह्याचं उत्तर दिलं की जातील." त्याचे डोळे वाहत होते, चार वर्षांचं सगळं पाणी. "मला भेटलेच नाहीत, ऊर्मी. तुला निदान दिसले तरी. मी खांब तसाच ठेवला असता गं. मुलं बसली असती खाली, तरी ठेवला असता. एवढा वाईट झालो मी."

भिंतीतून पुन्हा आलं. पहिल्यापासून. मी हात सोडवून घेतला नाही. म्हटलं, "तर मग मी नाही देत. तू दे. बाहेरचा माणूस तू होतास त्यांचा, मी नव्हते." पळी मी बाकावर ठेवून दिली.

तो तसाच उभा राहिला. भिंत ठोकत राहिली, चार वेळा, पाच वेळा, जराही घाई न करता, बाबांना जशी कधीच घाई नसायची. शेवटी त्यानं तळहात भिंतीला लावला. कान लावला. शाळेच्या सुट्टीत लावत असेल तसा. आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं एकदा ठोकलं.

"ऐकलं, बाबा," तो म्हणाला. "पुढे चला."

मग काहीच आलं नाही. आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. अंकल डॉमिनिकनी बाहेरून डोकावून पाहिलं आणि पंख्यांची बटणं चालू केली.

मी एकटीच घरी आले. त्याला सही करायची होती, साहेब येणार होते. आमच्यात आणखी काही बोलणं झालं नाही. टेकडी उतरताना मला वाटत होतं, आता हा माणूस माझ्याशी कधी नीट बोलणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल. घरी येऊन मी पळी घासली, भात लावला, ऋग्वेदाला उगाच दोनदा ओरडले.

सात वाजता बेल वाजली. टिंगटाँग. मला वाटलं, पार्सल असेल, ऋग्वेदाला म्हटलं बघ गं. ती कानात इयरफोन घालून बसलेली, तिला काय ऐकू येणार. बेल पुन्हा वाजली. मी सवयीनं ओट्यावर पळी आपटली आणि मग लक्षात आलं की कुणी ठोकलेलंच नाही.

जाऊन दार उघडलं. पद्मनाभ उभा होता. हाताला, शर्टाला खडूची पूड, कानाच्या पाळीला चुना.

"किल्ली आहे ना तुझ्याकडे?" मी म्हटलं. 

"आहे." तो आत आला, चपला काढल्या. "उद्या सकाळी चुना भरतायत. दाराजवळची भिंतपण तपासली मी, आतून-बाहेरून. अख्खी भरीव आहे. तिथे खूण नाही केली." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तेव्हाच सांगायला हवं होतंस मला."

"हो."

"जेवायला काय आहे?"

मी सांगितलं, वरणभात. तो हात धुवायला गेला.